राजोडीसमोर नांगरलेली बोट

राजोडी,
२७ सप्टेंबर १९९४

प्रिय इनेझबाय,

आई बरी आहे. पप्पांना जाऊन वर्ष होतंय त्याच्या चर्चमधल्या मिस्सेला, म्हणजे २२ ऑक्टोबरच्या शनिवारी, तुला सुट्टी नक्की मिळाली का असं ती विचारते. तुझा पक्का निरोप आल्याशिवाय ती कोणालाही जेवायला सांगणार नाही.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. दुकानातल्या फोनवर बोलायचं म्हणजे अर्ध्या गावाला सांगायचं, आणि मला जे सांगायचं आहे ते आत्ता फक्त तुलाच सांगायचं आहे.

काल मी थॉमसकाकांच्या होडीवर होतो. (ते यंदा मच्छीमार सोसायटीचे चेअरमन झाले आहेत. त्यामुळे ते बोलतील ते सगळं गाव ऐकतं.) परत येताना बघतो तर आपल्या किनाऱ्यासमोर एक पांढरी शिडाची बोट नांगर टाकून उभी. आपल्या दोन होड्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल एवढी लांब, डोलकाठी माडाहून उंच. तिच्यावर जाळी नाहीत, बर्फाची पेटी नाही, माशाचा वासही नाही. श्रीमंत लोक हौसेनं जग फिरतात तसली बोट असावी. तिच्यावर एक गोरा दाढीवाला माणूस आणि एक गोरी बाई आहे. तिसरं कोणी खाली लपलं असेल तर मला माहीत नाही.

बोट उत्तरेकडून आली. उत्तरेकडे काय आहे ते मी लिहायला नको. सुरतेतल्या प्लेगच्या बातम्या तू वाचतच असशील.

शिवाय, गोरा दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजतो. नंतर दुर्बिणीतून आपल्या चर्चकडे बघतो आणि काहीतरी लिहून घेतो. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्या चर्चचं काय काम? गेल्या वर्षीच्या बॉम्बस्फोटांपासून पोलिसांनी सांगूनच ठेवलं आहे, संशयास्पद बोट दिसली तर कळवा. मी थॉमसकाकांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "आधी बघू. उगाच चौकीवर गेला तर आपल्यालाच दिवसभर बसवून ठेवतील."

बोटीवर एक छोटा पिवळा बावटा आहे. मटिल्डामावशीनं तो पाहिला आणि हात जोडले. "पांढरा शीड, पिवळा बावटा, आनखी काय पायजे? पोपसायबाचेच रंग ते! कोनीतरी नवस बोलून आलाय." ती त्यांना केळ्यांचा घड पाठवायला निघाली होती. मी अडवली.

तुला काय वाटतं ते लगेच लिही. 'संशयास्पद' हा शब्द वर्तमानपत्रात बघून लिहिला आहे, बाकी काही चुकलं असेल तर सांग.

तुझा,
फ्रेडी


मुंबई,
३० सप्टेंबर १९९४

प्रिय फ्रेडी,

पोपसाहेब राजोडीला येणार आणि ते सगळ्यात आधी मटिल्डामावशीला कळणार, हे मला एकदम पटलं. केळी का अडवलीस? मावशीच्या हातून एक घड सुटतोय हाच मोठा चमत्कार होता.

अरे, शिडाची बोट आहे ती. वारा पडला की ती काय करणार? इंजिन बिघडलं असेल. आपल्या समोरचा समुद्र किती फसवा आहे हे तुला माहीत आहे. खोली न मोजता परका माणूस तिथं बोट आणेल का? आणि चर्चचा मनोरा बघूनच तर पप्पाही होडी वळवायचे. तूही वळवतोस. मग तो गोरा बघतो तेव्हा ती हेरगिरी का होते?

मी बरी आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात आहे, आईला सांग काळजी करू नकोस. काम खूप आहे, पण ते नेहमीचंच. सुट्टीचं अजून नक्की कळत नाही. आईला सांग, इनेझ येते म्हणाली. मला यायचं आहे, फ्रेडी. पप्पा गेले तेव्हा मी ड्यूटीवर होते, मिस्सेला तरी असायला हवं. रोज झोपताना मी तेवढंच ठरवून झोपते.

एक विचारायचं होतं. गावात त्या सुरतेच्या तापाची भीती कितपत आहे? मुंबईहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोणी काही बोलतं का? सहज विचारते.

तुझी,
इनेझबाय


राजोडी,
३ ऑक्टोबर १९९४

प्रिय इनेझबाय,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं आणि मग हातात घेऊन बसली. तिला वाचता येत नाही हे तुला माहीत आहे, तरी बराच वेळ बघत होती.

भीतीचं विचारलंस. खूप आहे. विरारला सुरतेकडची गाडी थांबली की फलाटावरचे लोक नाकाला रुमाल लावून जिन्याकडे पळतात. माणिकपूरच्या एकाही औषधाच्या दुकानात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल नाहीत. मी स्वतः सगळी दुकानं फिरलो. गावाच्या टोकाला जो प्लेगचा क्रूस आहे, जुन्या लोकांनी त्या काळच्या प्लेगात उभारलेला, तिथं आता रोज संध्याकाळी रोझरी म्हणतात.

आता बोटीचं. माझा संशय खरा निघाला आहे.

चर्चच्या वाचनालयात जहाजावरच्या कोणा माणसानं दिलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक आहे. त्यात सगळ्या बावट्यांची चित्रं आहेत. मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि शब्द न् शब्द लावला. पिवळा बावटा: प्लेग, कॉलरा, देवी, बोट वेगळी ठेवणे. पुढच्या ओळी वाळवीनं खाल्ल्या आहेत, पण जेवढं उरलं आहे तेवढं स्पष्ट आहे. मी नववीपर्यंतच शिकलो असलो तरी एवढं मला समजतं.

मी ते थॉमसकाकांना दाखवलं. त्यांनी काल मिस्सेनंतर चर्चबाहेर सगळ्यांना सांगितलं आणि माझं नाव घेतलं. "फ्रेडीनं शोधून काढला," म्हणाले. मटिल्डामावशी एवढंच बोलली, "पैला पोप, आता प्लेग. बावटा तोच हाय, रे." पण तिचं कोणी ऐकलं नाही.

दुपारी गोरा रबराच्या लहान होडीतून किनाऱ्याकडे यायला लागला. दोन्ही हातांत पाण्याचे रिकामे कॅन होते. आम्ही सगळे गुडघाभर पाण्यात वल्ही आडवी धरून उभे राहिलो. तो थांबला. त्यानं कॅन उलटा करून दाखवला, त्यातून थेंबही पडला नाही. थॉमसकाका मला म्हणाले, "तुला इंग्लिश येते, तू सांग." मी "गो बॅक" म्हणालो. तो ऐकू न आल्यासारखा बघत राहिला म्हणून आणखी मोठ्यानं म्हणालो. मग त्यानं आपल्यासारखे हात जोडले. हात कसे जोडायचे हे त्याला कोणी शिकवलं असेल? मला ते पाठ करून आल्यासारखं वाटलं. तो परत गेला.

पाणी संपलं असेल हेही मला खरं वाटत नाही. मागच्या आठवड्यात सर आली तेव्हा त्यांनी शीड आडवं पसरून पाणी धरलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं. मी पप्पांच्या दुर्बिणीतून पाहिलं. ती बाई उजवा हात अंगापासून लांब धरून बसते, काखेतलं लिंबू दबू नये म्हणून जपल्यासारखा. हात खाली घेतच नाही. वर्तमानपत्रात लिहिलं आहे की प्लेगमध्ये काखेत गाठ येते. तू नर्स आहेस. मला सरळ सांग, हा प्लेग आहे की नाही?

चौकीवर कळवलं आहे. वर कळवतो म्हणाले. अजून कोणी आलं नाही.

तुझा,
फ्रेडी


मुंबई,
६ ऑक्टोबर १९९४

फ्रेडी,

तुझं पत्र वाचून मी जेवले नाही.

तुला पप्पांनी काय शिकवलं होतं? दर्यात पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, मग तो कुठल्याही गावचा असो, जाळं कापणारा वैरी असो. आणि तू पप्पांच्याच किनाऱ्यावर उभा राहून "गो बॅक" म्हणालास. दोनदा.

बावट्याचं ऐक. माझ्या इथं जहाजावर काम केलेला एक पेशंट आहे, त्याला मी विचारलं. तो म्हणाला, पूर्वी काय असेल ते असेल, आता परदेशातून आलेली बोट पिवळा बावटा लावते तो हे सांगायला, की आमच्याकडे रोग नाही, येऊन तपासा आणि बंदरात घ्या. परवानगी मिळेपर्यंत तो उतरवत नाहीत. त्यांना मुंबईला जायचं असणार. म्हणजे ते बिचारे तिथं उभे राहून सांगतायत की आम्ही निरोगी आहोत, आणि वाळवीनं खाल्लेलं पान त्यांना रोगी ठरवतंय.

त्या बाईचं इतक्या लांबून कोणी सांगू शकत नाही. तिला खोकला आहे का? ती उठून फिरते का? त्याच हाताला कुठं जखम आहे का? हाताला जखम पिकली तरी काखेत गाठ येते. एवढं तरी बघ. ताप आहे म्हणून प्रत्येक माणूस प्लेगचा होत नाही. इथं भरती झालेल्यांपैकी कितीतरी जण साध्या तापाचे निघतात, पण तोवर त्यांचे घरचे लोक खिडकीशीसुद्धा येत नाहीत. बायको नवऱ्याचा डबा फाटकावर ठेवून पळते. मी रोज बघते.

आपल्या शेजारची एलिना शनिवारी अर्धा दिवस ऑफिस करून घरी येते ना? जाता जाता ती माझ्याकडे येईल. तिच्याबरोबर तुझ्यासाठी आणि आईसाठी कॅप्सूल देते. गरज पडेल असं नाही, पण तुझ्या जिवाला स्वस्थता मिळेल. त्यांना पाणी दे, फ्रेडी.

इनेझबाय


राजोडी,
९ ऑक्टोबर १९९४

प्रिय इनेझबाय,

तू रागावलीस. मी तुझं पत्र तीन वेळा वाचलं. आईला वाचून दाखवताना मधल्या काही ओळी गाळल्या.

मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. नीट उत्तरं दे.

बाळंतिणींच्या वॉर्डात जहाजावरचा पेशंट कसा?

वसई-विरारात पैसे देऊन मिळत नाहीत त्या कॅप्सूल तुझ्याकडे एवढ्या कुठून आल्या?

तुझ्या दोन्ही पत्रांना औषधी वास येतो. मी पहिलं पत्र उन्हात ठेवून पाहिलं, तरी जात नाही.

आणि एलिना काल आली ती थेट आपल्या दारी, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, तिला हॉस्पिटलच्या फाटकाच्या आत सोडलं नाही. तू तोंडाला फडकं बांधून बाहेर आलीस, पाकीट भिंतीवर ठेवलंस, लांब जाऊन उभी राहिलीस आणि तिला म्हणालीस, आता उचल. ती म्हणते मी कोणाला सांगणार नाही. पण एलिनाचं तोंड बंद असलं तरी चेहरा बोलतो.

इथली परिस्थिती तुला सांगितली पाहिजे. परवा सोसायटीत ठरलं की जुन्या लोकांचा नियम परत आणायचा. पूर्वी प्लेगात ज्यानं आजाऱ्याला हात लावला तो क्रुसाच्या पलीकडे राहायचा, गावात यायचा नाही, घरचे लोक जेवण क्रुसाशी ठेवून जायचे. आता जो त्या बोटीला शिवेल किंवा रोगाच्या जागेवरून येईल त्यालाही तसंच, सुरूच्या बनातल्या जाळ्यांच्या शेडमध्ये राहावं लागेल, दोन आठवडे. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. हात वर न करून काय करणार, बावट्याचं मीच सांगितलं होतं.

हात खाली घेतो तोच थॉमसकाकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फ्रेडी, तुजी भैन मुंबईला कुठल्या वॉर्डात हाय रे?"

मी म्हणालो, बाळंतिणींच्या.

ते खोटं तर नाही ना? मला खोटं बोलायची सवय नाही. तू लिहून कळव की ते खरं आहे. एक ओळ पुरेल.

आणि खरं नसेल तर, कसं लिहू, पण तू मिस्सेला येऊ नकोस. आईला या वयात क्रुसापलीकडे बसवू नकोस. लोक दारावर आले तर मी काय करणार? पप्पा समजून घेतील. आईला मी सुट्टी मिळाली नाही असं सांगेन.

बोट अजून आहे. त्यांनी रिकामे कॅन कठड्याला टांगले आहेत. गोरा सकाळी ते वाजवतो. सगळ्या किनाऱ्यावर ऐकू येतं. लोक म्हणतात, आपल्या पोरांना बोलावतोय. बाई आता दिसत नाही, खाली असावी. तुझं बावट्याचं म्हणणं मी थॉमसकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "रोगी मानूस 'मी रोगी' असा बावटा लावंल का? खोटाच लावनार ना!" मला त्यांचंही पटलं.

तुझा,
फ्रेडी


मुंबई,
११ ऑक्टोबर १९९४

प्रिय फ्रेडी,

खरं नाही.

मी त्या तापाच्याच वॉर्डात आहे, पहिल्या दिवसापासून. मी पुढं होऊन नाव दिलं नव्हतं. सिस्टरनं नावं वाचली, त्यात माझं होतं. माझ्याबरोबरच्या दोघी दुसऱ्या दिवशी गावी निघून गेल्या. मी राहिले ते शूर आहे म्हणून नाही. मलाही पळावंसं वाटलं. पण पळून राजोडीलाच यायचं, आणि राजोडीच्या पाण्यात तू वल्हं आडवं धरून उभा.

तुझी पत्रं मी आता बोटीची म्हणून वाचत नाही. त्या बाईच्या जागी मला ठेवून वाचते. तिचा हात, तिचा ताप, ती वर दिसते की नाही. तू विचारतोस हा प्लेग आहे का, तेव्हा मला ऐकू येतं, इनेझला घरात घ्यायची का. मी पाणी दे म्हणाले तेव्हा मीसुद्धा त्यांच्यासाठी थोडं आणि माझ्यासाठी जास्त मागत होते. तू ओळखशील असं वाटलं होतं. तू एवढा बारीक बघतोस, पण जिथं बघायचं तिथं नाही.

माझी इथली ड्यूटी शुक्रवारी संपते. मग हॉस्टेलमध्ये वेगळं ठेवून तपासतील आणि २१ तारखेला सोडतील. मला काही झालेलं नाही, होईल असंही वाटत नाही. डॉक्टर तसं लिहून देतील. पण मी कागद दाखवला तरी थॉमसकाका म्हणतील, रोगी माणूस खोटाच कागद आणणार ना.

मिस्सेच्या दिवशी मी इथल्या चर्चमध्ये बसेन. पप्पांना काय, दोन्हीकडून ऐकू जातं. आईला काय सांगायचं ते तू ठरव. शब्द जुळवायला तुला जमतं.

तुझ्यावर राग नाही. भीती कशी असते ते मला इथं रोज दिसतं.

इनेझ


राजोडी, जाळ्यांची शेड,
१६ ऑक्टोबर १९९४

प्रिय इनेझबाय,

वर पत्ता लिहिला आहे त्यावरून तुझ्या लक्षात येईल.

तुझं पत्र गुरुवारी दुपारी मिळालं. मी ते आईला वाचून दाखवलं नाही. सुट्टी मिळत नाही असं लिहिलंय म्हणालो. ती तांदूळ निवडत राहिली. मी बाहेर येऊन उभा राहिलो. समोर तो गोरा कॅन वाजवत होता. आता एकसारखा वाजवत नव्हता. दोनदा वाजवायचा आणि बराच वेळ थांबायचा.

मी विचार करून गेलो असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मी विचार केला असता तर गेलोच नसतो. मी विहिरीवर जाऊन आपले दोन्ही कॅन भरले आणि पप्पांची लहान होडी ढकलायला लागलो. तेवढ्यात लोक जमले. थॉमसकाका आले आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर हात ठेवून म्हणाले, "फ्रेडी, येडा झालास काय? तूच तर पुस्तक दाखवलास."

मी म्हणालो, "काका, पुस्तकाचं अर्धं पान नव्हतं."

"एकदा गेलास का क्रुसाच्या अल्याड पाय नाय ठेवायचा. मग माज्याकडं रडत येव नको. तुजा बापूस असता ना, तर दोन कानाखाली दिल्या असत्या."

मटिल्डामावशी मागं उभी होती. ती म्हणाली, "त्याचा बापूस असता तर पानी कवाच गेला असता, थॉमस. तू नको सांगूस रॉकीचं. हात काढ."

काकांनी लगेच हात काढला नाही. पण थोड्या वेळानं काढला. मावशीनं होडीत केळी टाकली. पिकून काळी पडली होती.

बोटीवर चढताना मला भीती वाटत होती हे कबूल करतो. नाकाला रुमाल बांधला होता. गोऱ्यानं कॅन घेतला, पण स्वतः प्यायला नाही, आधी खाली बाईला पाणी नेऊन दिलं. मग तो तिथंच पायरीवर बसून रडला. मोठा माणूस, पांढरी दाढी, आणि लहान मुलासारखा. त्यांचं नाव त्यानं मला लिहून दिलं आहे, पण त्याचा उच्चार मला येत नाही, म्हणून चुकीचं लिहीत नाही. मस्कतहून आले आहेत. इंजिन गेलं, वाऱ्यानं वर नेलं, तिथून हळूहळू खाली येताना वारा पडला. म्हणजे सुरत नाही. त्यानं त्याच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. मी दोनदा विचारलं.

बाई झोपून होती, अंग तापलेलं. खोकला नव्हता. मी उजवा हात दाखवा म्हणून खूण केली. अंगठ्याच्या खाली काळं भोक, आणि तळहात पावासारखा फुगलेला. मी बघताक्षणी ओळखलं, पण खात्री करायला विचारलं. तिनं हवेत मासा काढून दाखवला, मिशा काढल्या, आणि पाठीवर व दोन्ही बाजूंना एकेक काटा. शिंगाळा! गळाला लागलेला शिंगाळा तिनं हातानं सोडवला. राजोडीतलं लहान पोरही तसं करणार नाही. जग फिरून आले, पण शिंगाळ्याला कुठं धरायचं ते कोणी सांगितलं नाही.

पाणी सोसेल तेवढं गरम करून हात बुडवून ठेवायला लावला. मग काट्याचं टोक काढलं. ती एकदाच ओरडली, ते किनाऱ्यावर ऐकू गेलं म्हणे. तू पाठवलेल्या कॅप्सूलपैकी माझ्या वाट्याच्या तिला दिल्या. आईच्या घरीच ठेवल्या आहेत. कशा घ्यायच्या ते कागदावर चित्र काढून दिलं, सूर्य उगवतो आणि मावळतो असं. बरोबर केलं का ते लिही.

तेव्हापासून मी शेडमध्ये आहे. बोटीवर रोज पाणी नेतो, आता मला कोणी अडवत नाही, मी बाटलोच आहे. बाई काल वर येऊन बसली होती, हात खाली होता. पहाटेचा मतलई वारा सुरू झाला आहे, एक-दोन दिवसांत ते मुंबईला निघतील. त्यांना रोग नाही याची मला पूर्ण खात्री अजूनही नाही. मी सकाळ-संध्याकाळ काखेत हात घालून बघतो. काल एक गाठ लागली असं वाटलं, पण ते हाड निघालं.

आता मुख्य गोष्ट. काल संध्याकाळी आई जेवण ठेवायला क्रुसापाशी आली. रोज ठेवून जाते. काल ती थांबली नाही, क्रूस ओलांडून सरळ आत आली. काखेत चटई, हातात भाकरीच्या पिठाचा डबा. मी ओरडलो, "आई, मागं हो, आता तुला परत घेणार नाहीत!"

ती चटई झटकत म्हणाली, "नको घेवदेत. इनेझ आली की तिला तू शिजवून घालनार काय?"

मी म्हणालो, तिला सुट्टी नाही. तर ती माझ्याकडे बघून हसली. तसं हसताना मी तिला पप्पा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. म्हणाली, "ती कुठल्या वॉर्डात हाय ते मला पैल्या पत्रापासून ठावं हाय."

"कोणी सांगितलं? एलिनानं?"

"एलिना काय सांगनार? बालंतिनींच्या वॉर्डात काम करते आनि आईला एका बी पोराचा काय लिवत नाय? कोन काला झाला, कोन गोरा झाला, कोनाला जुली झाली? एवडी दोन पानं लिवते नि एक पोर नाय त्यात! तू वाचत व्हतास, मी पोरं सोधत व्हते."

म्हणून ती पत्र हातात घेऊन बसायची. मी वासावरून, कॅप्सूलवरून संशय घेत बसलो, आणि तिनं तुझ्या पत्रात काय नाही त्यावरून ओळखलं. आणि इतके दिवस ती एकटीच ते घेऊन बसली होती, कारण मी तिला ओळी गाळून वाचून दाखवत होतो.

तर तू २१ तारखेला ये. मला स्टेशनवर घ्यायला येता येणार नाही. रिक्षावाल्याला राजोडी सांग, पण गावात न शिरता सुरूच्या बनाशी उतर. डॉक्टरांचा कागद आण किंवा नको आणूस, इथं कोणी मागणार नाही, इथं आम्ही दोघंच आहोत. थॉमसकाकांना मी लांबूनच ओरडून सांगितलं आहे की मी खोटं बोललो होतो, माझी बहीण प्लेगच्या वॉर्डात आहे आणि ती घरी येणार आहे. ते जायला वळले. मग ओरडून विचारलं, "शेडचा पत्रा गळतो, ठावं हाय ना?" आज सकाळी बघतो तर क्रुसाशी ताडपत्री ठेवलेली.

फादर म्हणतात, तुम्हाला चर्चच्या आत घेतलं तर लोक ऐकणार नाहीत, पण बाजूचं दार मी उघडं ठेवीन, तुम्ही किनाऱ्यानं येऊन बाहेर अंगणात बसा. मी विचारलं, तिथून ऐकली तर मिस्सा धरली जाते का? ते म्हणाले, धरली जाते.

आईनं तुझी जागा दाराकडे ठेवली आहे, तिथं वारा लागतो. तिनं एक निरोप सांगितला आहे, तो सांगितला तसाच लिहितो: येताना पोरांचे खोटे किस्से रचून आणू नकोस. जे आहे ते सांग, मी ऐकते.

तुझा,
फ्रेडी